सगळ्यांचा हक्क सांभाळताना

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तुम्ही अजून काय काय करायला हवं ते ऐकताय. मी कमी काय करायचं त्यावर बोलणार आहे.

तुमच्यातले बरेच जण विशीत आहेत. कॉलेज किंवा नोकरी, संध्याकाळी क्लास, रविवारी वस्तीतली अभ्यासिका, मध्येच कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं मतदार यादीत नाव. रात्री एकला झोपून फजरला उठता. आज जमतं, म्हणून कायम जमेल असं वाटतं.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनाही तरुणपणी असंच वाटायचं. दिवसा रोज रोजा, रात्रभर इबादत. वडिलांनी त्यांचं लग्न लावून दिलं होतं. वडील सुनेची विचारपूस करायचे. तिच्या बोलण्यातून कळलं, की नवऱ्याचं तिच्याकडे लक्षच नाही. गोष्ट प्रेषितांपर्यंत (स.) गेली. त्यांनी अब्दुल्लाह यांना समजावलं, की शरीराचा, डोळ्यांचा, बायकोचा, पाहुण्यांचाही आपल्यावर हक्क असतो. महिन्यातून तीन रोजे पुरेत, असं सांगितलं. अब्दुल्लाह म्हणत राहिले, माझ्यात जास्त ताकद आहे. शेवटी हजरत दाऊद (अलै.) यांच्यासारखा एक दिवसाआड रोजा, इथवर येऊन ठरलं. पुढे वय झालं, ताकद गेली. तेव्हा ते म्हणायचे, ती सवलत घेतली असती तर बरं झालं असतं. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे.

यातून मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, शब्द देताना आपण आजची ताकद मोजतो, पण तो पाळायचा असतो उद्याच्या ताकदीवर. आमच्या कामात सर्व्हर कधी पूर्ण भरू देत नाहीत. थोडी क्षमता मोकळी ठेवतात, कारण गर्दी कधी वाढेल सांगता येत नाही. आयुष्यात ही गर्दी तिशीनंतर येते. अब्बांची बायपास, अम्मीचे गुडघे, मुलीचा ताप आणि त्याच रात्री ऑफिसचा कॉल. सूरह अहकाफच्या 15व्या आयतीत चाळिशीचा उल्लेख आहे. तिथली दुआ आई-वडिलांपासून मुलाबाळांपर्यंत जाते. दोन्ही पिढ्या एकाच वेळी आपल्यावर अवलंबून असण्याचं हे वय.

दुसरी गोष्ट मुलग्यांसाठी. हा सगळा विषय निघाला कशावरून? घरातल्या बाईला कुणीतरी विचारलं म्हणून. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, मी नोकरी, घर आणि चळवळ तिन्ही सांभाळतो. त्यांच्या बायकोला विचारा, घर कोण सांभाळतं. तीही नोकरी करत असेल, तिलाही या शिबिरात बसायचं असेल. एकाचा तोल दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असेल, तर तो तोल नव्हे. तो तिचा हक्क मारणं आहे. समतेवर भाषण करून घरी गेल्यावर आपलं ताटही न उचलणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार?

संतुलन म्हणजे चोवीस तासांचे सारखे वाटे नव्हेत. परीक्षेच्या महिन्यात अभ्यासाला जास्त, घरात आजारपण असेल तेव्हा घराला जास्त. कोणाचाही हक्क कायमचा बुडू नये, एवढंच पाहायचं.

आपल्याकडे बावीस वर्षांचा मुलगा प्रत्येक कामाला हो म्हणतो आणि तीस वर्षांचा झाला की फोन उचलत नाही. तो वाईट नसतो, थकलेला असतो. मग अभ्यासिकेला कुलूप लागतं आणि तिथं येणारी दहावीची मुलं पुन्हा रस्त्यावर अभ्यास करतात. थोडं पण नेमानं केलेलं काम अल्लाहला जास्त प्रिय असतं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती संघटनेलाही लागू आहे.

म्हणून आज एकच काम निवडा. सगळ्यात अडचणीच्या महिन्यातही त्याला किती तास देऊ शकाल, ते कागदावर लिहा. दोन तास असतील तर दोनच लिहा. तो आकडा घरी दाखवा, मग आम्हाला द्या. आणि आम्ही जास्त मागितलं, तर नाही म्हणा.