आशेला कामाचा आधार

(टंचाई निवारणाच्या कामाशी संबंधित अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संकटकाळातील आशा या विषयावर आपल्यापुढे विचार मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. असा विषय हाती आला की वक्त्याला धीराचे चार शब्द सांगण्याचा मोह होतो. परंतु ज्याची विहीर आटली आहे, ज्याने दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने विकली आहेत, त्याच्यापुढे नुसत्या शब्दांचा टिकाव लागत नाही. म्हणून खडतर काळात आशा कशातून निर्माण होते आणि कशामुळे टिकते, याचा विचार आपल्याच राज्याच्या अनुभवाच्या आधारे करणे उचित ठरेल.

१९७० पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला अवर्षणाने ग्रासले. त्यांत १९७२ चे वर्ष सर्वांत कठीण गेले. अनेक तालुक्यांत खरीप हातचा गेला आणि रब्बीची आशाही मावळली. माझ्या पिढीने तो दुष्काळ पाहिला नाही, परंतु परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी घराघरांतून ऐकल्या. शासनाने त्या वेळी ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळपास पोहोचली होती. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी ती कामे होती. या मजुरीमुळे आणि धान्याच्या पुरवठ्यामुळे एवढ्या तीव्र दुष्काळाचे रूपांतर मोठ्या प्राणहानीत झाले नाही.

मात्र सर्वच कामांनी माणसाला सारखेच बळ दिले असे म्हणता येणार नाही. खडीचा ढीग रचणाऱ्याच्या हाती मजुरी पडत होती, पण ती खडी कोणत्या रस्त्यावर जाणार हे त्याला अनेकदा ठाऊक नसे. उलट, गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाची माती वाहणाऱ्या शेतकऱ्याला एवढे कळत होते की, उद्या पाऊस पडला तर या तलावाचे पाणी मुरून खालच्या विहिरींना उतरेल. दोघांची पोटे भरली, परंतु दुसऱ्याच्या श्रमाला पुढच्या वर्षाचा विचार जोडलेला होता. संकटात माणसाला भाकरी हवी असते, तसाच आपल्या कष्टाचा काही उपयोग आहे हा विश्वासही हवा असतो.

हा विश्वास व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, यासाठी महाराष्ट्राने पुढचे पाऊल टाकले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम हा विचार मांडला होता आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे त्याचा प्रयोगही झाला होता. १९७२ साली रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. २००५ साली देशपातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राच्या या अनुभवाची पुण्याई होती.

या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. नोकरदार, वकील, व्यापारी यांनी आपल्या मिळकतीतून खेड्यातील मजुराच्या कामासाठी वाटा उचलावा, ही त्यामागील भूमिका होती. संकटग्रस्त माणसाला समाजाने दिलेला हा शब्द होता. दान मागताना मान खाली जाते. हक्काचे काम मागताना ती ताठ राहते. आशेचे मूळ या ताठ मानेत आहे.

त्याच दुष्काळाने पुण्यातील एक अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांना पुरंदर तालुक्यात नेले. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी कसावयास घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडविले आणि मुरविले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि या प्रयोगातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम लक्षात घेण्याजोगे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीच्या मानाने न देता माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढा, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसासारख्या पिकाला मनाई. आणि खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा. थोडे पाणी न्यायाने वाटले, तर ते गावाला एकत्र धरून ठेवते, हे नायगावने दाखविले.

मित्रहो, उणिवाही झाकून ठेवू नयेत. काही तलाव गाळाने भरले, काही कामे अर्धवट राहिली, कित्येकदा मजुरी वेळेवर मिळाली नाही. मजुरी रखडली की घरी उधारी वाढते, आणि शासनाच्या शब्दावरील विश्वास उडतो. तो पुन्हा मिळविणे तलाव बांधण्याहून अवघड असते.

म्हणून आपणा प्रत्येकाकडे एकेक काम येते. अधिकाऱ्यांनी टंचाई उंबरठ्यावर येण्याआधीच कामांची यादी तयार ठेवावी, आणि हजेरीपट व मजुरी यांत एक दिवसाचाही विलंब होऊ देऊ नये. पंचायत सदस्यांनी हे काम कशासाठी, त्याचे पाणी कोणाला मिळणार, हे ग्रामसभेत उघडपणे सांगावे. भूमिहीन आणि एकट्या स्त्रिया यांची नावे यादीच्या तळाशी ढकलली जाणार नाहीत हे पाहावे. शिक्षकांनी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटू देऊ नये. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून गावात किती पाऊस पडला व त्यातले किती पाणी अडले याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. पाण्याचा हिशेब शिकलेले मूल उद्या ग्रामसभेत योग्य प्रश्न विचारील.

दुष्काळ पुन्हा येणार नाही, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे. पण दुष्काळ आला तरी आपल्या गावात काम निघेल, त्याचा मोबदला वेळेवर मिळेल आणि त्या कामाचे फळ गावातच राहील, एवढी खात्री आपण निश्चित देऊ शकतो. ती द्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.