ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला का?

मागच्या भागानंतर बरेच मेसेज आले. त्यातला एक प्रश्न चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय: "डेंग्यू निघाला होता, चौथ्या दिवशी ताप गेला. आता ऑफिसला जाऊ ना?"

थांबा. आज यावरच बोलायचंय. आपल्याला सवय अशी की ताप चढला की घाबरायचं आणि उतरला की सुटलो म्हणायचं. डेंग्यूत हे गणित उलटं पडू शकतं.

आधी दोन ते सात दिवस ताप. डोकं ठणकतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, अंग असं की कुणीतरी कुटून काढलंय. मग साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. बहुतेक जण इथून बरे होतात, हे आधीच सांगतो. पण काहींच्या बारीक रक्तवाहिन्या याच वेळी पाझरायला लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, उरलेलं रक्त घट्ट होतं, बीपी खाली येतं. हे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जपायचे.

पुण्यात आम्ही तिघं एका फ्लॅटवर राहायचो, तेव्हाची गोष्ट. एकाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. गडी खूश, बॅग भरून तयार. फक्त पोट दुखतंय म्हणत होता आणि सकाळपासून तीनदा उलटी झालेली. त्याच्या आईने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, "आधी दवाखाना, मग ऑफिस." दोन दिवस सलाइनवर होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

म्हणून ही लक्षणं डोक्यात ठेवा: पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, माणूस एकदम गळून जाणं किंवा उगाच अस्वस्थ होणं. सहा-सहा तास लघवीच झाली नाही, तरीही. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

आता औषध. डेंग्यूच्या विषाणूला थेट मारणारी गोळी अजून आपल्याकडे नाही. तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाकी ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी, घोट घोट सुरू ठेवा. आणि तपासणी कधी केली हेही बघा. एनएस-१ ही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, नंतर अँटिबॉडीची. उशिरा केलेली एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका.

एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असंही नाही बरं का. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक झाला की दुसऱ्या वेळी वेगळा होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा तो जास्त तीव्र होण्याची शक्यता असते.

आता त्या डासाकडे येऊ. एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. म्हणजे रात्री कॉइल लावून झोपलात तरी वर्क फ्रॉम होम करताना टेबलाखाली तुमचे पाय आहेतच की! हा फार लांब उडतही नाही. तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच बिल्डिंगमधला असतो. नाल्याला शिव्या घालण्याआधी फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनीप्लँटची बाटली, कूलर आणि गच्चीवरचा टायर बघून या.

आरोग्य खातं 'कोरडा दिवस पाळा' म्हणतं, आपण पोस्टर बघून पुढे जातो. पण आठवड्यातून एकदाच का? कारण अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला पाणी ओतलंत की साखळी तुटते. फक्त ओतून भागत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार! म्हणून पिंप आतून घासायचंच, काथ्याने, खसाखसा.

अजून एक. घरात कुणाला डेंग्यू झाला तर त्यालाच दिवसा मच्छरदाणीत झोपवा. डेंग्यू शिंकण्या-खोकण्यातून पसरत नाही. पण तापातल्या माणसाला चावलेला डास साधारण आठ-बारा दिवसांनी घरातल्या दुसऱ्यांना आजार द्यायला तयार होतो, आणि मग जगेल तोवर देत राहतो.

आणि हो, पपईच्या पानांचा रस! विचारणार होतातच. त्याने धोका टळतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आधीच उलट्या होणाऱ्या माणसाच्या घशात तो कडूजहर रस ओतू नका. प्लेटलेटचा एकच आकडा बघून रात्रभर ग्रुपवर रक्तदाते शोधायची घाईही नको, प्लेटलेट चढवायच्या की नाही हे डॉक्टर रक्तस्राव आणि बाकीची तब्येत बघून ठरवतात. तुम्ही पाणी किती प्यायलं आणि लघवी किती झाली, ते एका कागदावर लिहून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारतील.