गुणांच्या पारड्यात मोटारसायकलची शर्यत

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटर लांबीचा वेगमार्ग २९ जून २०२१ रोजी खुला झाला. तेथे एखादे वाहन किती वेगाने धावते याचा निवाडा घड्याळ करते आणि त्या निवाड्यावर कोणी वाद घालीत नाही. धारहून इंदूरमार्गे देवासकडे मोटारसायकल पिटाळणाऱ्या तरुणालाही शर्यतीचा न्याय असाच सोपा वाटत असेल : ज्याचा वेग अधिक, तो विजेता. एका दिवसाच्या शर्यतीपुरते हे खरे आहे. अजिंक्यपद मात्र एका दिवसात ठरत नसते. ते मोसमातील अनेक फेऱ्यांवर ठरते, आणि तेथे घड्याळ बाजूला होऊन त्याच्या जागी गुणांचे कोष्टक येते.

जागतिक स्पर्धांत १९९३ पासून रूढ असलेले कोष्टक असे आहे : पहिल्यास २५ गुण, दुसऱ्यास २०, तिसऱ्यास १६, चौथ्यास १३, पाचव्यास ११, आणि असे उतरत उतरत पंधराव्यास १. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांत पाच गुणांचे अंतर, तर चौथ्या व पाचव्यांत अवघे दोनांचे. विजयाचा मान राखावा, परंतु मागून येणाऱ्याची मेहनतही वाया जाऊ देऊ नये, असा या आकड्यांमागील विचार आहे.

आता धारचा एक आणि देवासचा एक असे दोन स्वार कल्पावेत. फेऱ्या पाच. धारचा स्वार तीन शर्यती जिंकतो. उरलेल्या दोन्हींत घसरून पडतो. देवासचा स्वार एकही शर्यत जिंकत नाही, परंतु पाचही वेळा दुसरा येतो. सर्व फेऱ्या धरल्या तर धारचे गुण ७५ आणि देवासचे १००. नियम जर असा असेल की प्रत्येकाच्या उत्तम तीन फेऱ्याच धराव्यात, तर धारचे ७५ कायम राहतात आणि देवासचे ६० होतात. शर्यती त्याच, स्वार तेच. अजिंक्यवीर मात्र बदलला! उत्तम चार धरल्या तर ७५ विरुद्ध ८० असा पुन्हा देवासचा विजय होतो. म्हणजे अजिंक्यपदाचा निकाल काही अंशी धावमार्गावर लागतो, तर काही अंशी मोसमापूर्वीच, नियमांच्या कागदावर लागलेला असतो.

हे केवळ पाटीवरचे गणित नव्हे. जागतिक अजिंक्यपदाच्या पहिल्याच वर्षी, १९४९ मध्ये, ५०० सीसी वर्गात सहा फेऱ्यांपैकी उत्तम तीन धरावयाच्या होत्या. इटलीच्या नेल्लो पगानीच्या सर्व गुणांची बेरीज ४० होती. पण नियमाने त्यांतले २९ च मोजले गेले. ब्रिटनचा लेस ग्रॅहॅम ३० गुणांनी अजिंक्य ठरला. याच्या अगदी उलट प्रकार १९९९ मध्ये १२५ सीसी वर्गात घडला. स्पेनच्या एमिलिओ अल्झामोराने त्या मोसमात एकही शर्यत जिंकली नव्हती. इटलीच्या मार्को मेलांद्रीने पाच जिंकल्या होत्या. तरीही शेवटी २२७ विरुद्ध २२६ अशा एका गुणाने अजिंक्यपद अल्झामोराकडे गेले.

यात अन्याय झाला काय? वर्षभराच्या परीक्षेत एका विषयात पहिला आलेला विद्यार्थी एकूण गुणांत मागे पडला, तर त्याच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. सातत्य हाही एक गुण आहे, आणि शर्यतीत तो सांभाळणे सोपे नाही. बंगळूरची ऐश्वर्या पिस्से २०१८ मध्ये स्पेनमधील शर्यतीत पडून गंभीर जखमी झाली होती. पुढच्याच वर्षी बाहा शर्यतींच्या महिला विश्वचषकात ती चार फेऱ्यांत अनुक्रमे पहिली, तिसरी, पाचवी व चौथी आली. २५, १६, ११ आणि १३ मिळून ६५. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धक महिलेचे गुण ६१ होते. विजय एकच, पण चारही वेळा शर्यत पुरी केली, म्हणून विश्वचषक भारतात आला.

हौशी स्वाराच्या बाबतीत मात्र या कोष्टकाला आणखी एक बाजू आहे, आणि ती पैशाची आहे. त्याला पगार नाही. टायर, पेट्रोल, परवाना, दुरुस्ती, सारा खर्च त्याच्याच खिशातून होतो. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या बहुधा चेन्नई आणि कोइमतूर येथे होतात. देवासच्या एखाद्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या तरुणाला मोटारसायकलसह हजाराहून अधिक किलोमीटर दूर जावयाचे, तर एकेक फेरी म्हणजे महिनोन्महिन्यांची बचत. सर्व फेऱ्या धरणारी पद्धत सातत्य मोजते खरी, परंतु त्याबरोबरच ती नकळत पैशाची थैलीही मोजते. एकदोन फेऱ्या वगळू देणारी पद्धत अशा स्वाराला श्वास घेऊ देते. उलटपक्षी, फारच थोड्या फेऱ्या धरल्या, तर पडलो तरी बिघडत नाही, ही वृत्ती बळावते. आणि मोटारसायकलवरून पडणे म्हणजे कबड्डीत बाद होणे नव्हे. म्हणून किती फेऱ्या धराव्यात हा प्रश्न दिसतो गणिताचा, पण वस्तुतः तो न्यायाचा आणि दयेचा आहे.

गुण समसमान झाले तर काय, याचीही तजवीज आधीच हवी. देवासात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती एकाच नगरात दोन गाद्यांवर नांदल्या. अजिंक्यपदाची गादी मात्र एकच. १९६८ मध्ये २५० सीसी वर्गात फिल रीड आणि बिल आयव्ही यांचे गुण सारखे झाले, तेव्हा दोघांनीही पुऱ्या केलेल्या शर्यतींच्या वेळांची बेरीज करून रीडला विजेता ठरविण्यात आले. शेवटी घड्याळालाच पुन्हा बोलवावे लागले! आज सामान्यतः ज्याचे विजय अधिक तो वरचढ धरतात. तेही सारखे असल्यास दुसरे क्रमांक मोजतात.

माळव्यात उद्या एखाद्या मंडळाने हौशी स्वारांसाठी स्पर्धामालिका भरविली, तर धावमार्गाइतकीच चिंता त्याने या कोष्टकाची वाहावी. कोष्टक मोसमाआधी जाहीर व्हावे आणि मोसमात त्याला हात लागू नये. तरुणांनीही ते वाचावे. इंदूरच्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्याला कोणी गुण देत नाही; तेथे फक्त वजाबाकी होते, आणि ती घरच्यांना सोसावी लागते. शर्यतीचे कोष्टक निदान एवढे तरी शिकविते की, जो शेवटच्या फेरीपर्यंत उभा राहतो, त्याच्याच नावापुढे बेरीज मांडता येते.