अपघातानंतरचे सहा महिने



आपल्या मालेगाववरून अकोला–वाशिम–नांदेड हा महामार्ग जातो आणि पुढे तेलंगणात उतरतो. त्यामुळे परराज्यांतले ट्रक इथून रात्रंदिवस धावतात.

समजा, माहेराहून परतताना पातूरच्या हद्दीत एका ताईंच्या दुचाकीला अशा ट्रकनं धडक दिली. पाय मोडला. घरचे म्हणतात, "मालक हैदराबादचा, गुन्हा अकोला जिल्ह्यात. आपण कुठं कुठं फिरणार?" तेवढ्यात ड्रायव्हर दहा हजार पुढे करतो आणि 'तक्रार नाही' असा कागद मागतो.

बायांनो, त्या कागदावर सही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे भरपाईचा दावा अपघात झाला तिथं करता येतो, तसाच आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. म्हणजे या ताईंना हैदराबादला किंवा अकोल्याला जायची गरज नाही. दावा वाशिमला चालेल. ट्रकचा विमा असेल तर पैसे सहसा विमा कंपनी भरते, नसेल तर मालकावर येतात.

पण दिवस मोजा. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात मुदत आली आहे: अपघातापासून सहा महिने. प्लास्टर निघेपर्यंतच दोन-तीन महिने जातात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक पिशवी करा. तिच्यात गाडीचा नंबर, एफआयआरची आणि पंचनाम्याची नक्कल, दवाखान्याचे कागद, औषधांची मूळ बिलं, येण्याजाण्याच्या भाड्याच्या पावत्या ठेवा. कायमचं अपंगत्व आलं तर त्याचा दाखला घ्या.

गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तरी हात टेकू नका. गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. तो अर्ज न्यायाधिकरणात नाही, महसूल खात्याकडे करायचा. तहसील कचेरीत विचारा.

आता आपली नेहमीची अडचण. "तुमची कमाई काय?" असं विचारलं की आपण सांगतो, "काही नाही, घरीच असते." असं सांगू नका. घरकामालाही मोल असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये लता वाधवा खटल्यात मान्य केलं आणि 2021 मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. स्वयंपाक, पाणी, गुरं, लेकरं, सोयाबीनची सोंगणी, निंदण हे सगळं वकिलाला सांगा. पाय मोडल्यावर यातलं काय काय थांबलं, तेही सांगा.

वकिलाची फी कुठून आणायची? 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. वाशिमच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 15100 या नंबरवर फोनही करता येतो.

शेजारी कुणी प्लास्टर बांधून बसली असेल तर आजच तिच्याकडे जा आणि विचारा, "ताई, किती दिवस झाले?"