बुडत्या बँकेतले मौन



द्राक्षांचा, कांद्याचा पैसा हाती आला की पिंपळगावात त्यातला काही बँकेत किंवा पतपेढीत जातो. तेव्हा बँक बुडू लागली असता तिच्या चालकाने कसे वागावे, हा प्रश्न आपल्यापुरता तरी पुस्तकी नाही.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला प्रथम एक हजार रुपयेच काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली. दोनच दिवस आधी व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला पत्र लिहिले होते. एच. डी. आय. एल. या एकाच बांधकाम-समूहाकडे साडेसहा हजार कोटींहून अधिक, म्हणजे एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के रक्कम गुंतल्याची कबुली त्यात होती. इतकी वर्षे हे दडवले का? बँकेच्या लौकिकाला धक्का बसेल म्हणून, असे कारण त्यांनी दिले. कोणाचा गुन्हा किती, ते न्यायालय पाहील. आम्हांला त्या कारणाचा विचार करावयाचा आहे.

कारण अगदीच पोकळ नाही. बातमी फुटली की दारात रांग लागते, आणि सावरू शकणारी बँकही त्या रांगेने मरते. पुष्कळांचे पुष्कळ सुख पाहावे, हा मिल्लचा न्याय. टिळकांनी गीतारहस्यात त्याची कसून तपासणी केली आहे. तो लावला तर मौन क्षम्य वाटू लागते. पण हिशेब पुरा मांडा. मौनाच्या वर्षांत नव्या ठेवी येतच राहिल्या, त्यांत कोणाची निवृत्तीची पुंजीही होती. गळक्या नावेत आणखी उतारू घेतले गेले. सुखाच्या बेरजेतही हे मौन बसत नाही.

कांटची कसोटी त्याहून सोपी. 'बुडीत कर्ज आम्ही लौकिकासाठी लपवितो' अशी पाटी बँकेच्या दारावर लावून पाहा. कोण ठेव ठेवील? लपविल्यावाचून जो नियम चालतच नाही, त्यात ठेवीदार हा केवळ साधन होऊन बसतो.

मग चालकाने चौकात ओरडावे काय? मुळीच नाही. पहिला मोठा हप्ता थकला तेव्हाच संचालक मंडळाला, लेखापरीक्षकाला आणि रिझर्व्ह बँकेला खरे सांगावे, आणि नव्या ठेवींसाठी आर्जवे करणे तरी थांबवावे. यात खुर्ची जाते, हे आम्ही नाकारीत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. त्यावरील रकमा टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत, देण्याची योजना ठरली. साठी उलटलेल्या माणसाला दहा वर्षे म्हणजे किती, ते पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगावयास नको.