न दुखणारी जखम

धारवाडचे नाव निघताच पेढ्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु रक्तात साचून राहणाऱ्या साखरेची कथा गोड नाही. नवलगुंदकडील काळ्या रानात अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडतो. निरोगी माणूस कळ येताच थांबून काटा काढतो आणि थोड्याच दिवसांत जखम भरून येते. जुना मधुमेह असलेल्यास मात्र पुष्कळदा काटा रुतल्याचे कळतही नाही.

असे का व्हावे? रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एक तलम अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते. त्यायोगे वाहिनी सैलावते व जरूर तेथे रक्ताचा ओघ वाढतो. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक लाभले. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की हा वायू उणा पडतो. साखर प्रथिनांना चिकटून वाहिन्यांच्या भिंती ताठर करते. मोठ्या वाहिन्यांत चरबीचे थर साचतात, केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. जखमेला प्राणवायू पुरेसा मिळत नाही, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि नव्या केशवाहिन्यांची वाढ खुंटते. त्यातच ज्ञानतंतू बधिर होतात. पहारेकरी झोपला की चोराचे फावते, तसे वेदनेवाचून जखमेचे होते.

प्रमेहात उठणाऱ्या पिडकांचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. अलीकडच्या काळात वेल्लोरला महारोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ओळखले की, बधिर पावलाची खरी हानी वेदना हरपल्याने होते. तोच धडा पुढे मधुमेह्यांच्या पायांना लागू पडला.

म्हणून मधुमेह्याने रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे न्याहाळावे. वाकवत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्या माणसास पाहावयास सांगावे. शेतात वा घरात अनवाणी फिरू नये, गरम पाण्याने पाय शेकू नयेत. सिद्धारूढ मठात दर्शनास जावयाचे तर फरशी तापण्यापूर्वी, सकाळी जावे. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा. तंबाखू व विडी सोडावी. जखम दिसताच, ती दुखत नसली तरी, डॉक्टरांस दाखवावी. हुबळीस १९५७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णालय दूर नाही. दुखत नाही म्हणून आज-उद्या करण्यात जे दिवस जातात, त्यांतच अनेकदा पाय गमवावा लागतो.