स्लॅबचे पहिले सहा तास

घर बांधणारा माणूस सिमेंट कुठलं, सळई किती मिलिमीटरची, याची कसून चौकशी करतो. स्लॅब ओतल्यावर पहिल्या पाच-सहा तासांत काय घडतं, हे मात्र क्वचितच विचारतो. बांधकाम अभियंता म्हणून मला त्याच तासांविषयी बोलायचं आहे. कारण पुढे गळणाऱ्या अनेक छतांची सुरुवात तिथेच झालेली असते.

एप्रिल-मे महिन्यात ऊन आणि वारा ओल्या काँक्रीटवरचं पाणी झपाट्यानं उडवून नेतात. खालून वर येणारं पाणी अपुरं पडतं. वरचा थर आकसतो, खालचा आकसत नाही. काँक्रीटमध्ये अजून ताकद नसल्यानं वरचा थर फाटतो. पावसाळ्यात या बारीक भेगांतून पाणी सळईपर्यंत पोहोचतं. सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडू लागतात.

मातीच्या भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून पूर्वी चिखलात भुसा, गवताचं काड तुडवून घालत. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू हेच काम करतात. ते केसाहून बारीक आणि साधारण १२ मिलिमीटर लांब असतात. एक घनमीटर काँक्रीटला सुमारे ९०० ग्रॅम, तर प्लास्टरसाठी ५० किलोच्या गोणीला १२५ ग्रॅम, असं त्यांचं सर्वसाधारण प्रमाण आहे. मालात विखुरलेले हे लक्षावधी धागे कोवळ्या काँक्रीटला धरून ठेवतात. भेगा कमी पडतात आणि पडल्याच तरी रुंदावत नाहीत. हे तंतू गंजत नाहीत. सिमेंटमधला क्षारही त्यांना बाधत नाही.

मात्र ‘तंतू घातलेत, आता सळई कमी चालेल,’ असं कुणी म्हणालं, तर साफ नकार द्या. एवढ्याशा प्रमाणातले तंतू छताचा भार पेलत नाहीत. दुसरं म्हणजे, तंतूंमुळे माल घट्ट वाटतो आणि मिस्त्री मिक्सरमध्ये आणखी एक बादली पाणी ओततो. जादा पाणी म्हणजे जादा आकसणं. तंतूंचे पैसे तिथेच वाया जातात.

पाणी मारण्यातूनही सुटका नाही. आय. एस. ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर फ्लाय ॲशसारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा हवा.

तेव्हा उन्हाळ्यात स्लॅब शक्यतो दुपार टाळून ओता. रंधा फिरवून होताच त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरा, आणि काँक्रीट घट्ट झालं की आळी बांधून पाणी साठवा. तंतूंचा उपयोग होतो तो ही कामं नीट झाली तरच.